रानावरचा आळ

परवा वर्गात सहज विचारले, "बुळकांडी म्हणजे काय, ठाऊक आहे का कुणाला?" चाळीस मुलांत एकच हात वर आला. तो म्हणाला, "गुरुजी, ती देवी आहे. आमच्या बांधावर तिचा शेंदूर लावलेला धोंडा आहे." बाकीची पोरे हसली. मी त्याला चूक ठरवले नाही. ज्या रोगाने आज्या-पणज्यांच्या दावणी पंधरा दिवसांत रिकाम्या केल्या, त्याचे नाव आता शेंदराखाली गेले आहे. ते तिथेच राहिले तर कुणाचे काही बिघडणार नाही.

माझ्या आजीच्या तोंडी मात्र हा शब्द आला की तिचा आवाज खाली येई. चाळीसच्या दशकातली गोष्ट. आमच्या गोठ्यात अकरा जनावरे होती, त्यांतली दोन उरली. अंगात ताप, डोळ्यांना धारा, तोंडात कोंडा पसरल्यासारखे थर, आणि मग अशी हगवण की सहाव्या-सातव्या दिवशी जनावर पाय दुमडून बसे ते उठतच नसे. मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम गावच्या रिवाजाने ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडेच कातडीही रिवाजाने जात. गावाने हिशेब मांडला. गुरे मेली तर लाभ कुणाचा? यांचा. म्हणजे विष यांनीच घातले. एका रात्री त्यांच्यातल्या एका घराला वेशीबाहेर काढले. आजी सांगताना "गावाने काढले" असे म्हणे. गावाने म्हणजे कुणी, हे मी फार उशिरा विचारले. हातात काठी घेऊन पुढे असलेले गृहस्थ माझे आजोबा होते.

ही काही आमच्याच गावची करामत नव्हे. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात कातडी कमावणाऱ्या जातींवर गुरांना विष घातल्याचे खटले चालले आहेत, आणि साथ कोणती व विष कोणते हे पुष्कळदा साहेबांच्या कचेरीलाही उमगलेले नाही. रोग डोळ्यांना दिसत नाही, शेजारी दिसतो. मग आळ शेजाऱ्यावर येतो.

मी मॅट्रिक. जंतुशास्त्र मला कुणी शिकवलेले नाही. तरी या रोगाच्या मागे मी लागलो तो २०११ सालच्या एका बातमीमुळे. त्या वर्षी २८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने रोममध्ये जाहीर केले की, बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली. देवीच्या रोगानंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. बातमीच्या शेवटी एक ओळ होती. या रोगाचा शेवटचा ज्ञात रोगी २००१ साली केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानात सापडला, आणि तो होता एक रानरेडा. मला ही ओळ सोडवेना. आमच्या गोठ्यातला रोग, आणि त्याचा शेवटचा रोगी आफ्रिकेच्या रानात कसा? तो तिथे गेला कसा, आणि कुणी नेला? पुढची काही वर्षे शाळेचे काम आणि कादंबरीची प्रुफे यांतून उरलेला वेळ मी या प्रश्नात घातला. आफ्रिका मी पाहिलेली नाही. जे सांगतो आहे ते ग्रंथांच्या आधाराने सांगतो आहे.

आधी रोगाचा स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढचा सारा तंटा त्यावरच आहे. बुळकांडीचा विषाणू हा आपल्या पोरांना होणाऱ्या गोवराचा सख्खा नातेवाईक. दुभंगलेल्या खुरांची जनावरे हे त्याचे घर: गाय, म्हैस, रानरेडा, हरिणांच्या कित्येक जाती, डुकरे. तो माशीच्या पाठीवर बसून येत नाही, जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून राहत नाही. आजारी जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून तो शेजारच्या जनावराकडे जातो, आणि त्यालाही जवळच दुसरे ताजे जनावर मिळाले नाही तर तिथेच संपतो. जे जनावर जगले त्याला तो पुन्हा कधी होत नाही. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकेला हा रोग ठाऊक नव्हता. १८८७ च्या सुमारास इटालियन फौज तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरात उतरली. फौजेला खायला मांस हवे, ओझ्याला बैल हवेत. त्यासाठी जहाजांतून गुरे आणली गेली, आणि ती हिंदुस्थानातून आली असे बहुतेक इतिहासकार सांगतात. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कुणा खेड्यातल्या कुणा शेतकऱ्याने बाजारात चार पैशांना विकलेले जनावर, आणि त्याच्या श्वासात एका खंडाचा सर्वनाश!

सर्वनाश हा शब्द मी कादंबरीकाराच्या सवयीने वापरलेला नाही. इथिओपियात दहांतली नऊ गुरे मेली असे म्हणतात. नांगर ओढायला बैल नाहीत, त्यातच अवर्षण आणि टोळ, आणि मग १८८८ ते १८९२ पर्यंत असा दुष्काळ की एक तृतीयांश माणसे गेली असावीत असा अंदाज केला जातो. तिथून रोग दक्षिणेकडे मसाई लोकांच्या कुरणांत शिरला. मसाई हा गुरांवर जगणारा समाज. दूध हेच त्याचे अन्न आणि गुरे हीच त्याची दौलत. १८९० साली कॅप्टन लुगार्ड युगांडाकडे जात असता त्याला वाटेत मेलेल्या गुरांबरोबरच मेलेले रानरेडेही दिसले. रानरेडे, ईलंड, कुडू, विल्डबीस्ट, जिराफ ही सारी जनावरे या नव्या रोगाला आमच्या दावणीच्या बैलाइतकीच कोवळी होती. कोणत्याच जनावराच्या रक्तात त्याची जुनी ओळख नव्हती.

१८९६ च्या आरंभी रोगाने झांबेझी नदी ओलांडली. मार्च महिन्यात तो बुलावायोला होता. बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगांवर ज्या मुलखाचा सगळा व्यापार चाले, तिथे गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मालक जू तिथेच टाकून पायी निघाले. इंग्रज कंपनीच्या अंमलदारांनी साथ अडवण्यासाठी मातबेले लोकांची निरोगी गुरेही गोळ्या घालून मारली. आधीच्या लढाईत त्यांची पुष्कळ गुरे लुटून झालीच होती. मातबेले लोकांना वाटले, हा रोग गोऱ्यांनीच आणला. त्याच महिन्यात त्यांनी शस्त्रे उचलली. त्यांच्या बंडाला इतरही कारणे होती, पण डोळ्यांदेखत मारलेली गाय हे कारण लहान म्हणता येणार नाही.

आणि गोऱ्यांना काय वाटत होते? त्यांना वाटत होते, रोग रानातली जनावरे पसरवतात. केप वसाहतीने आपल्या सरहद्दीवर सुमारे हजार मैल काटेरी तारेचे कुंपण घातले, पहारे बसवले, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना जंतुनाशकात न्हाऊ घातले. १८९७ साल उजाडल्यावर थोड्याच महिन्यांत रोग कुंपणापलीकडे पोहोचला. कुंपणावरून हरणे उड्या मारतात, असे एक स्पष्टीकरण निघाले. उडी मारणारे हरिण दिसते. रात्री गुपचूप गुरे हाकून नेणारा किंवा मेलेल्या जनावराचे कातडे गाडीत घालून नेणारा माणूस तितका दिसत नाही. झांबेझीच्या दक्षिणेला या साथीत सुमारे पंचवीस लाख गुरे मेली. रानातली किती मेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

केप सरकारने बर्लिनहून रॉबर्ट कॉखला बोलावले. क्षयाचा जंतू शोधणारा तोच. १८९६ च्या डिसेंबरात तो किंबर्लीला आला आणि दोन-अडीच महिन्यांत त्याने उपाय सांगितला: बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराच्या कातडीखाली टोचा. उपाय ओबडधोबड होता, तरी काही गुरे त्याने वाचली. त्याच वेळी अर्नोल्ड थायलर हा स्विस पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफोर्ड या इंग्रज सहकाऱ्याबरोबर दुसरी वाट शोधत होता. रोगातून जगलेल्या जनावराच्या रक्तद्रवाने दुसऱ्याचे रक्षण करायचे, ही ती वाट. थायलरचा एक हात शेतातल्या यंत्रात सापडून तुटलेला होता. या माणसाने एका हाताने शवविच्छेदने केली. १९०८ साली प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टपूर्ट येथे त्याने जी प्रयोगशाळा उभारली, ती आफ्रिकेतल्या पशुरोगांच्या अभ्यासाची काशी ठरली.

इथे आपल्या पुण्याचा एक धागा येतो. हिंदुस्थान सरकारची पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचा प्रमुख. पण असले जंतू शहराच्या वस्तीत बाळगणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ साली कॉख प्लेगच्या कामासाठी आफ्रिकेहून मुंबईला आला आणि मुक्तेश्वरलाही जाऊन आला. ज्या देशातून रोग गेला त्याच देशाकडे उपायाची कल्पना अशी फिरून आली. पुढे विसाच्या दशकात मुक्तेश्वरलाच एडवर्ड्स या संशोधकाला एक अडचण आली. बैलाच्या रक्तातून विषाणू टिकवावा तर त्यात गोचिडांनी दिलेले दुसरे परोपजीवीही मिसळून येत. म्हणून त्याने विषाणू बकऱ्यांतून नेला. एका बकरीतून दुसरीत असा शेकडो वेळा गेल्यावर तो विषाणू बकरीला सरावला आणि गाईला मारण्याचे विसरला. त्याचीच लस झाली. केनियातल्या कबेटे प्रयोगशाळेने याच रीतीने आपली बकरी-लस केली.

आता रानावरच्या आळाकडे वळतो. सगळेच आळ खोटे नव्हते, आणि गोष्ट कठीण होते ती इथेच.

१८९४ साली डेव्हिड ब्रूस हा लष्करी डॉक्टर झुलुलँडमध्ये उबोंबो नावाच्या टेकडीवर जाऊन राहिला. बरोबर पत्नी मेरी. सूक्ष्मदर्शकावरचे पुष्कळसे काम तिने केले, आणि पुस्तकांत तिचे नाव बहुधा अर्ध्या ओळीत येते. खालच्या सखल रानात गुरांना नागाना नावाचा रोग होई: जनावर वाळत जाई, डोळे पाणावत, आणि मरे. ब्रूसला आजारी गुरांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म परोपजीवी दिसला. तशाच जातीचा जीव १८८० साली ग्रिफिथ इव्हान्सने आपल्याकडे डेरा इस्माइलखानला 'सरा' झालेल्या घोड्यांच्या रक्तात पाहिला होता. पण तो जनावरात येतो कसा? ब्रूसने घोड्यांची तोंडे बांधून त्यांना खालच्या रानात फिरवून आणले; चारा-पाणी काही घेऊ दिले नाही. घोडे आजारी पडले. मग खालचा चारा आणि पाणी टेकडीवर आणून दुसऱ्या घोड्यांना दिले. त्यांना काही झाले नाही. मग खालच्या त्सेत्से माश्या पिंजऱ्यात भरून वर आणल्या आणि चावू दिल्या. रोग झाला. दोष गवताचा नव्हता, माशीचा होता. शाळेत विज्ञान शिकवताना मी हा प्रयोग सांगतो. याहून स्वच्छ युक्तिवाद मला दुसरा ठाऊक नाही.

माशीला हे विष मिळते कुठून, हा पुढचा प्रश्न. ब्रूसने रानरेडा, कुडू, विल्डबीस्ट, तरस यांची शिकार करून त्यांचे रक्त कुत्र्यांना टोचले. ती जनावरे दिसायला धडधाकट, काचेखाली त्यांच्या रक्तात बहुधा काही दिसत नसे. पण कुत्रे आजारी पडले. रानातली जनावरे परोपजीवीला अंगावर वागवतात, स्वतः मात्र निरोगी राहतात. म्हणजे यावेळी आळ खरा होता.

त्यातच बुळकांडीने रानरेडे मेले आणि पुष्कळ भागांतून त्सेत्से माशीही हटली. लोकांनी त्यातून सोपा निष्कर्ष काढला: रान मारा, माशी मरेल. खुद्द ब्रूसनेही पुढे न्यासालँडात माशीच्या मुलखातली शिकार संपवावी असेच मत दिले. कॉखने व्हिक्टोरिया सरोवराकाठी मगरी मारण्याचा उपाय सुचवला होता. विद्वान माणसेही एकदा आरोपी सापडला की शिक्षा मोजून देत नाहीत. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९१९ पासून १९५८ पर्यंत सरकारी शिकाऱ्यांनी सहा लाखांहून अधिक जनावरे मारली. झुलुलँडमध्ये उम्फोलोझीच्या रानाभोवती १९२९-३० या एका मोहिमेत पंचवीस हजारांवर मारली. कुडू, झेब्रा, विल्डबीस्ट, इम्पाला असा भेदच नव्हता. केवळ गेंड्याला सूट होती, कारण तो आधीच संपत आला होता.

मग पन्नासच्या दशकात एका माणसाने, मला वाटते, करायला हवा तो साधा प्रश्न विचारला: माशी चावते नेमकी कुणाला? इंग्लंडातल्या लिस्टर संस्थेत बर्नार्ड वाइट्झ याने आफ्रिकेतून आलेल्या हजारो त्सेत्से माश्यांच्या पोटांतले रक्त तपासले. प्रत्येक प्राण्याच्या रक्तासाठी एक-एक पारख करणारे रक्तद्रव त्याने तयार केले होते. माशीच्या पोटातला वाळका डाग त्यात घातला की तो कुणाचा हे कळे. उत्तर असे आले की, जातीप्रमाणे माशीची आवड ठरलेली आहे. तिला वॉर्टहॉग हे सुळेदार रानडुक्कर आवडते, रानरेडा, कुडू, बुशबक आवडतात. इम्पाला, झेब्रा आणि विल्डबीस्ट यांना ती जवळजवळ शिवत नाही. म्हणजे तीस वर्षे ज्यांच्या हाडांचे ढीग पडले त्यांतले पुष्कळसे त्या खटल्यात आरोपीही नव्हते. झुलुलँडातली माशी अखेर हटली ती विमानातून फवारलेल्या डीडीटीने. त्याचे दोष पुढे निघाले, ते वेगळे.

यानंतरची कथा वॉल्टर प्लाउराइट या इंग्रज पशुवैद्याची. नैरोबीजवळ मुगुगा येथील पशुसंशोधन संस्थेत तो १९५६ पासून काम करीत होता. मसाई गुराखी सांगत की विल्डबीस्टच्या माद्या विण्याच्या दिवसांत त्या कुरणावर गुरे नेली तर ती मरतात. सरकारी अंमलदारांतल्या काहींना ही मसाईंची सबब वाटे. दक्षिण आफ्रिकेत मेटम या संशोधकाने १९२३ साली विल्डबीस्टचे रक्त गाईला टोचून तसाच रोग पाडून दाखवला होता, तरी कारण हाती आले नव्हते. प्लाउराइटने १९६० साली निरोगी विल्डबीस्टमधून तो विषाणू वेगळा काढला. विल्डबीस्टच्या कोवळ्या वासरांच्या नाकाडोळ्यांतून तो बाहेर पडतो. वासरू तीनएक महिन्यांचे झाले की धोका ओसरतो. मसाई जारेला दोष देत, तेवढी वाट चुकली. पण ठिकाण, ऋतू आणि जनावर तिन्ही त्यांनी अचूक सांगितले होते. गुराख्याचे शब्द प्रयोगशाळेने खरे केले, असे फार थोड्या वेळा घडते.

याच मुगुगात प्लाउराइटने बुळकांडीची नवी लस केली. कबेटेचा जुना विषाणू त्याने वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर काचेच्या नळ्यांत वाढवला, एकातून दुसऱ्यात, नव्वदएक वेळा. त्या विषाणूने गाईला काही होईना, पण ती आयुष्यभर सुरक्षित राही, आणि तो तिच्यापासून दुसरीला लागतही नसे. १९६२ पर्यंत ही लस हाती आली. स्वस्त, आणि एका टोचणीत काम. तिला थंडीत जपावे लागे, हाच काय तो तिचा एक दोष.

आता सेरेंगेटीला चलावे. टांगानिकाच्या या अफाट कुरणात विल्डबीस्टचे कळप होते, पण कळप वाढत नव्हते. वासरे जानेवारी-फेब्रुवारीला जन्मत, आईच्या दुधावर सहा-सात महिने गुटगुटीत राहत, आणि मग वर्षाच्या आत मोठ्या संख्येने मरत. रक्षक या मरणाला वर्षाच्या वासरांचा रोग म्हणत. बर्नहार्ड ग्रझिमेक हा जर्मन पशुवैद्य आणि त्याचा मुलगा मायकेल यांनी १९५८ साली झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून जनावरे मोजली; विल्डबीस्ट भरले ९९,४८१. आकडा कमीच होता, पुढच्या मोजणीत तो अडीच लाखांवर गेला. १९५९ च्या जानेवारीत एक गिधाड विमानावर आदळून मायकेल मेला. पंचविशीही धड उलटली नव्हती. बापाने त्याला न्गोरोन्गोरोच्या कड्यावर पुरले आणि काम सोडले नाही.

वासरांचा तो रोग म्हणजे बुळकांडीच होती. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण सातव्या महिन्याच्या सुमारास ओसरे आणि रोग वासराला गाठी. सगळ्यांची समजूत अशी की, रोग रानाच्या पोटात घर करून आहे. विल्डबीस्ट आणि रानरेडे त्याची कोठारे आहेत, आणि तिथूनच तो मसाईंच्या गुरांत येत राहणार. तसे असते तर उपाय एकच होता, आणि तो ऱ्होडेशियात करून झाला होता.

सुदैवाने बंदुकीआधी सुई आली. उद्यानाभोवतीच्या गुरांना पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून लस टोचली गेली. रानातल्या एकाही जनावराला कुणी टोचले नाही. टोचणार तरी कसे? आणि १९६३ च्या सुमारास रानातला रोग थांबला. आपोआप. वासरे वर्षाची होऊ लागली, दोन वर्षांची झाली. १९७७ साली विल्डबीस्टची संख्या सुमारे चौदा लाख भरली.

याचा पुरावा जनावरांच्या अंगातच होता. साठच्या दशकात टोनी सिंक्लेअर हा विद्यार्थी रानरेड्यांवर अभ्यास करायला आला. रानरेडेही का वाढताहेत हे त्याला हवे होते. रेड्याचे वय दातांवरून कळते: कोणता दात केव्हा फुटतो, कोणता किती झिजतो. आणि बुळकांडी एकदा होऊन गेली की तिची खूण रक्तद्रवात जन्मभर राहते. दोन्ही ताडून पाहता असे दिसले की, १९६३ च्या आधी जन्मलेल्या जनावरांच्या रक्तात ती खूण आहे, नंतर जन्मलेल्यांच्या रक्तात नाही. रान जर रोगाचे कोठार असते तर गुरांना टोचून रानातला रोग गेलाच नसता. रान रोगी होते, रोगाचा धनी नव्हते. रोग गुरांतून रानात जात होता, आणि गुरे कुणाची, तर माणसांची.

यातून एक विचित्र गोष्टही झाली, ती लपवू नये. विल्डबीस्ट पाचपट झाले, आणि त्यांच्या विण्याच्या मोसमात मसाईंना आपली गुरे चांगल्या कुरणावरून आणखी लांब हाकावी लागली. कारण विल्डबीस्टच्या वासरांचा तो दुसरा रोग कुठेच गेला नव्हता. एकाची मुक्ती दुसऱ्याच्या दाराशी बिऱ्हाड करते.

पुढचे थोडक्यात. १९६२ ते १९७६ पर्यंत आफ्रिकेत मोठी लस-मोहीम झाली, यश दिसले, पैसा आटला, आणि ऐंशीच्या दशकात रोग परत उसळला. उन्हात टिकणारी लस तयार झाली, ती पाठीवर घेऊन गुराख्यांमधलेच शिकवलेले लोक सडका नसलेल्या मुलखात गेले. १९९४ नंतर केनियाच्या त्सावो उद्यानात रानरेडे आणि कुडू आंधळे होऊन झाडांना धडकताना दिसले. तिथेही माग काढता विषाणू सोमालियाकडच्या गुरांचा निघाला. गुरांत सौम्य झाल्यामुळे तो कुणाच्या नजरेत आला नव्हता. रानाने मरून त्याचा पत्ता दिला. मग २००१ साली मेरू उद्यानातला तो रेडा. त्याच्यानंतर दहा वर्षे पशुवैद्य रानारानांतून रक्ताचे नमुने घेत फिरले, आणि नव्या जनावरांत खूण सापडली नाही तेव्हाच रोममध्ये घोषणा झाली. आपल्या देशातली शेवटची साथ १९९५ ची. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला.

बातमी वाचली त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्या घराचा शोध काढला. आजोबांनी वेशीबाहेर काढलेल्या घराचा. त्या रात्री दहा वर्षांचा असलेला मुलगा आता ऐंशीच्या घरात होता. तालुक्याच्या गावी नातवाकडे राहत होता. मी नाव सांगितले. त्यांनी ओळखले, आणि बाजेवर बाजूला सरून जागा दिली. मी बातमी वाचून दाखवली. त्यात विष नव्हते, जंतू होता, शास्त्राने तो शोधला, आता तो संपला, असे मी मास्तरासारखे सगळे सांगत गेलो. क्षमेचे काही बोलायचे ठरवून गेलो होतो, ते जमले नाही.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मंग ती आली कुठनं हुती, गुरुजी?"

"बाजारातनं येत असे, आबा," मी म्हटले. "विकत घेतलेल्या जनावराबरोबर. बाहेरून बरं दिसणारं जनावर आणायचं आणि आठ दिवसांत..."

ते थोडा वेळ अंगणातल्या शेळीकडे पाहत राहिले.

"त्या साली तुमच्या आज्यानं खरसुंडीच्या जत्रंतनं बैल आणला हुता," ते म्हणाले. "पांढराफेक. शिंगाला गोंडं बांधलं हुतं. आमी पोरं मागनं पळत गेलो हुतो बघायला."

नातसून चहा घेऊन आली.